पावसाळ्यात ई-एमटीबीवरून घाट: हिशेबापासून धुण्यापर्यंत, क्रमाने

पावसाळा सुरू झाला की ई-एमटीबी, म्हणजे मोटर आणि बॅटरी असलेली माउंटन बाइक, चालवणाऱ्यांच्या त्याच त्या तक्रारी येतात. कंपनीने साठ किलोमीटर सांगितले होते आणि निम्म्या घाटात बॅटरी बसली. मोटर मध्येच बंद पडते आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू होते. काल धुतली, आज डिस्प्लेच लागत नाही. यातल्या बहुतेक वेळा गाडीत दोष नसतो. कामं उलट्या क्रमाने झालेली असतात: आधी लेव्हल पाच (लेव्हल म्हणजे मोटरच्या मदतीची पातळी), मग गिअर, आधी चार्जिंग, मग वाळवणं.

खालची रीत मागच्या चाकाच्या मध्यभागी २५० वॅटची हब मोटर, ३६ व्होल्टची बॅटरी आणि पेडलजवळ केडन्स सेन्सर (पाय फिरताहेत का ते ओळखणारा) असलेल्या गाडीसाठी आहे, कारण आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक ई-एमटीबी अशाच असतात. पेडलच्या जागी मोटर असलेल्या, म्हणजे मिड-ड्राइव्ह गाडीला जिथे वेगळं वागवायचं तिथे तसं सांगितलं आहे. उदाहरणाला सिंहगड घेऊ. पायथ्यापासून सुमारे नऊ किलोमीटर रस्ता, सहाशे मीटरच्या आसपास चढाई, आणि त्याआधी पुण्यातून पायथ्यापर्यंत वीसेक किलोमीटर.

१. निघण्याआधी कागदावर हिशेब

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-तास. त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तास असतील तर २८१ वॅट-तास, १०.४ असतील तर ३७४. किलोमीटरचा छापील दावा विसरा. तो सपाट रस्ता, हलका स्वार आणि खालची लेव्हल धरून केलेला असतो. घाटात कामाला येतो तो वॅट-तासांचाच आकडा.

आता खर्च. स्वार, गाडी, पाणी, सामान मिळून १०० किलो धरा. हे वजन १०० मीटर उंच न्यायला निव्वळ २७ वॅट-तास लागतात. मोटर त्यातली वीज वाया घालवते, टायर घासतात, म्हणून प्रत्यक्षात चाळीसच्या पुढे धरावे. सिंहगडाची चढाई एकट्या मोटरवर टाकली तर अडीचशेच्या वर वॅट-तास गेले. निम्मी मेहनत पायांनी केली तर सव्वाशे-दीडशेत भागतं.

सपाटीवर मधल्या लेव्हलला किलोमीटरमागे सहा-सात वॅट-तास जातात. म्हणजे पुण्यातून निघून रहदारीत मजेत लेव्हल तीनवर गेलात तर पायथ्याला पोचेपर्यंत सव्वाशे संपले. २८१ च्या बॅटरीत मग जेमतेम दीडशे उरतात, आणि तिथून लेव्हल पाच लावली की अर्ध्या घाटात बॅटरी बसणार हे निघतानाच ठरलेलं असतं.

*तपासा:* चढाईचे मीटर भागिले १००, गुणिले ४०, आणि त्यात सपाटीचे किलोमीटर गुणिले ६. बेरीज बॅटरीच्या ऐंशी टक्क्यांच्या आत आली तर मोटरवर विसंबून जा. बाहेर गेली तर पायांचा वाटा किती लागेल ते आत्ताच कळलं. वजन ११५ असेल तर चाळीसच्या जागी ४६ धरा.

२. आदल्या दिवशीची तयारी

ही कामं सकाळी निघताना करू नका. पॅड बदलायचे निघाले तर पहाटे साडेपाचला कुठलंही दुकान उघडं नसतं.

पहिलं काम ब्रेकचं. ई-एमटीबी २० ते २५ किलोची, साध्या एमटीबीपेक्षा आठ-दहा किलो जड. पावसात लाल मातीचं पाणी रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडतं आणि पॅड पॉलिश पेपरने घासल्यासारखे झिजतात. पॅडवरचा घर्षणाचा थर एक मिलिमीटरच्या जवळ आला असेल तर बदलून टाका, "ही एक राईड निघेल" म्हणू नका. नवे पॅड टाकले की मोकळ्या रस्त्यावर वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत दाबून आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं पंधरा-वीस वेळा. असे घासून न रुळवलेले पॅड ओल्या उतारावर नुसते किंचाळतात, धरत नाहीत. पॅडच्या साहित्याबद्दल माझं मत ठाम आहे: पावसाळ्यात सिंटर्ड, म्हणजे धातूचे. आवाज करतात, पण चिखलात रेझिनच्या पॅडपेक्षा बरेच जास्त टिकतात. एकच अट, रोटरवर "फक्त रेझिन पॅड" असं लिहिलेलं नसावं. स्वस्त गाड्यांच्या रोटरवर ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

ब्रेकसोबत आणखी एक गोष्ट: बहुतेक हब मोटर गाड्यांत ब्रेकची मूठ दाबताच मोटर तोडणारा स्विच असतो. मागचं चाक हवेत उचला, पेडलशिवाय मोटर चालवणारा थ्रॉटल किंचित द्या आणि ब्रेकची मूठ हलकेच दाबा. मोटर त्याच क्षणी बंद झाली पाहिजे. केडन्स सेन्सरला पाय थांबल्याचं कळायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात मोटर ढकलत राहते. ओल्या वळणावर तो थोडा वेळ महागात पडतो.

दुसरं, हवा. ट्यूब असलेल्या दोन-सव्वादोन इंची टायरला डांबरी घाटासाठी ३५ ते ४० पीएसआय, दगडमातीच्या वाटेसाठी २८ ते ३२. मागच्या चाकात मोटरचं वजन आहे, म्हणून तिथे दोन-तीन पीएसआय जास्त. "चिखलात पकड हवी" म्हणून वीसवर आणाल तर दगडाच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

तिसरं, मागच्या चाकाचे नट. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा आतला दांडा मागे फिरू पाहतो. त्याला अडवणारा दातेरी वॉशर दांड्यावर असतो, त्याचा दात फ्रेमच्या खाचेत बसलेला हवा. पंक्चरवाल्याकडून चाक बसवून घेतलं असेल तर हे स्वतः बघाच. दात बाहेर राहिला आणि नट ढिला पडला तर दांडा गोल फिरतो आणि मोटरची वायर पिळून तुटते.

चौथं, वायरी. मोटरची वायर दांड्यातून बाहेर पडते, तिथे ती आधी खाली लोंबून मग वर फ्रेमकडे गेली पाहिजे. म्हणजे पाणी वायरीवरून खालच्या वळणावर येऊन टपकतं. वायर थेट वरून दांड्यात शिरत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावरूनच मोटरमध्ये उतरतं. केबल टायने वळण देणं हे दोन मिनिटांचं काम आहे आणि हब मोटरच्या पावसाळी दुखण्यांतली बरीच त्यातच टळतात. कनेक्टर उघडून आत हिरवट गंज नाही ना बघा, रबरी कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा (वीज न वाहणारं, पाणी अडवणारं ग्रीस) पातळ हात द्या, बाणासमोर बाण ठेवून शेवटपर्यंत दाबा.

सामानात पंप, पॅच, एक ट्यूब, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), डिरेलरचा, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा, सुटा हँगर आणि मोटरच्या नटला बसणारा पाना. हा पाना साध्या सायकलच्या मल्टिटूलमध्ये नसतो. नट बहुधा १८ मिलिमीटरचा असतो, पण आपल्या गाडीवर लावून बघा.

*सावध:* खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, एवढाच. पाण्यात बुडणं त्यात येत नाही आणि पाइपचा जोरदार मारा तर नाहीच.

३. पायथ्यापर्यंत कंजूषपणा

सपाटीवर लेव्हल एक, जास्तीत जास्त दोन. वेग अठरा-वीस. आपल्याकडे २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली गाडीच नोंदणी आणि परवान्याविना चालते, आणि मोटरही त्या वेगाला हात आखडता घेते. पंचविसाला टेकून राहण्यात फायदा काही नाही, कारण वेग वाढतो तसा हवेचा विरोध त्याच्या वर्गाने वाढतो.

पायथ्याला थांबा. बॅटरीच्या कांड्या चालत्या गाडीवर वाचू नका. चढावर मोटर वीज ओढते तेव्हा व्होल्टेज तात्पुरतं खाली जातं आणि दोन कांड्या गायब दिसतात, उभं राहिलं की परत येतात. डिस्प्ले व्होल्ट दाखवत असेल तर जास्त बरं: पूर्ण भरलेली ३६ व्होल्टची बॅटरी ४२ दाखवते, उभ्या गाडीवर ३६ च्या आसपास दिसले तर निम्म्याहून बरीच कमी उरली, आणि तीस-एकतीसला बॅटरी स्वतःच पुरवठा तोडते.

४. चढ: आधी गिअर, मग लेव्हल

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर.

हब मोटरला सायकलचे गिअर लागू होत नाहीत. ती थेट चाक फिरवते, म्हणून चाक जितकं हळू तितकी मोटर हळू. आणि मोटर हळू फिरते तेव्हा तिला दिलेल्या विजेचा मोठा भाग तांब्याच्या तारा तापवण्यात जातो. वीस-बावीसच्या वेगाला शंभरातली पंचाहत्तर-ऐंशी वॅट वीज चाकापर्यंत पोचते; सात-आठच्या वेगाला निम्मीसुद्धा धड पोचत नाही. उरलेली उष्णता बंद डब्यात. आत नायलॉनचे छोटे गिअर असतात, ते तापले की मऊ पडतात आणि झिजतात. तापमापक असेल तर कंट्रोलर (मोटरची वीज नियंत्रित करणारा डबा) मोटर बंद करतो, हीच ती "आपोआप बंद, आपोआप चालू" तक्रार. तापमापक नसेल तर कोणी सांगायला येत नाही, वास येतो.

मग गिअरचं काम काय? तुम्हाला मोटरच्या जोडीने जोर लावता यावा आणि वेग दहाच्या वर राहावा, हे. क्रम असा:

१. वळण संपून चढ सुरू होण्याच्या आधी, पायांवरचा दाब कमी करून दोन गिअर हलके करा. चढात शिरल्यावर, जोर लावलेला असताना गिअर टाकला तर चेन कडाडते. मिड-ड्राइव्ह गाडीत तर मोटरचा आणि तुमचा असा दोघांचा जोर त्याच चेनवर असतो, तिथे चेन तुटूही शकते.

२. पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांवर स्थिर होऊ द्या.

३. आता लेव्हल एकाने वाढवा. तळपायाला पेडलचा दाब जाणवत राहिला पाहिजे. केडन्स सेन्सरला फक्त पाय फिरताहेत एवढंच कळतं, जोर किती आहे हे कळत नाही. पाय नुसते हवेत फिरल्यासारखे वाटले तर सगळं ओझं मोटरवर आहे असं समजा आणि एक गिअर जड करा.

४. वेग दहाच्या खाली जाऊन तिथेच राहिला तर पुढच्या रुंद जागी थांबा. लेव्हल पाच लावून सहाच्या वेगाने रखडत जाणं हा मोटर जाळायचा सर्वात खात्रीचा मार्ग आहे.

बऱ्याच गाड्यांत इथे एक अडचण गाडीतच असते. पुढे ४२ दातांचं एकच चाक आणि मागे मोठ्यात मोठं २८ दातांचं. या जोडीने दहाच्या वेगाला पाय मिनिटाला पन्नास फेऱ्यांवर येतात, गुडघे भरतात आणि माणूस थ्रॉटल पिळतो. मागे ३४ दातांपर्यंतचा फ्रीव्हील (दातेरी चाकांचा संच) आणि पुढे ३६ दातांचं चाक टाकलं तर त्याच वेगाला सत्तर फेऱ्या मिळतात. डिरेलर तेवढं मोठं दातेरी चाक झेलतो का हे दुकानात विचारून घ्या. मोठी बॅटरी विकत घेण्याआधी हे करावं, खर्च त्याच्या मानाने किरकोळ आहे.

थ्रॉटल चढावर वापरायचाच नाही का? उभ्या चढावर थांबून पुन्हा निघताना, पहिले चार-पाच मीटर तोल सावरायला वापरा आणि सोडा.

*तपासा:* दर दोन-तीन किलोमीटरला थांबून हबच्या कवचाला हाताची मागची बाजू लावा. गरम चालेल. हात टेकवता येत नसेल तर पंधरा मिनिटं विश्रांती, तिलाही आणि तुम्हालाही. तापलेल्या हबवर बाटलीतलं पाणी ओतू नका. आतली हवा एकदम आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

५. शेवाळ, चिखल, ओढा

ओल्या काँक्रीटवरचं शेवाळ, पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या, साचलेली पानं. यांच्यावर मोटरचा झटका नको. लेव्हल शून्य किंवा एक, बसूनच पेडल, वळणात ब्रेक नाही. केडन्स सेन्सरची मोटर पेडल फिरवल्यावर जरा उशिरा आणि एकदम येते, ती नेमकी वळणाच्या मध्यावर आली तर मागचं चाक बाजूला सरकतं.

चिखल दोन जातींचा. कोकणाकडची लाल माती घासते: पॅड, चेन, सगळं. देशावरची काळी माती घासत नाही, चिकटते. टायर आणि फ्रेमच्या मधे ती भरत जाते आणि चाक जाम होतं. जाम चाकावर मोटर चालवणं सर्वात वाईट. चाक फिरत नाही आणि विजेचा प्रवाह मात्र जास्तीत जास्त. चाक जड वाटताच मोटर बंद करून काटकीने माती काढा. पाऊस पडून गेल्यावर काळ्या मातीच्या शेतवाटेला जायचंच नाही, हा त्याहून सोपा उपाय. त्या वाटा नंतर शेतकऱ्यालाच वापरायच्या असतात.

ओढ्याचा नियम: साडेसत्तावीस इंची चाकाचा दांडा जमिनीपासून पस्तीसेक सेंटिमीटरवर असतो, आणि मोटरचं कवच त्याच्याही खाली येतं. म्हणून पाणी घोट्याच्या वर असेल तर गाडी उचलून न्यायची किंवा परत फिरायचं. घोट्याएवढ्या पाण्यातूनही, नुकता चढ चढून मोटर तापलेली असेल तर आधी दहा मिनिटं थांबा. कारण वर सांगितलं तेच: तापलेला हब एकदम गार झाला की पाणी आत ओढतो. वाहत्या पाण्यात तळ दिसत नसेल तर चालतही उतरू नका.

६. उतार

"उतारावर बॅटरी चार्ज होते ना?" नाही. गिअर असलेल्या हब मोटरमध्ये आतही एक फ्रीव्हील असतो, तो चाकाला मोटरपासून सुटं फिरू देतो, म्हणून उतारावर मोटर फिरतच नाही. चढताना जी ऊर्जा वर नेली ती सगळी आता ब्रेक आणि हवेतच जाणार.

सिंहगडासारख्या उतारावर सतत हलका ब्रेक धरून येणं ही सवयीची चूक. रोटर तापतो, पॅडवर चकाकी येते, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) ब्रेक असेल तर मूठ स्पंजासारखी लागते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवा, वळणात सोडा, रोटरला हवा लागू द्या. पावसात ओला रोटर पहिल्या क्षणी धरत नाही, म्हणून प्रत्येक वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेक नुसता टेकवून पाणी पुसून घ्या.

मोटर बंद ठेवा, पण दिवे बॅटरीवर चालत असतील तर सिस्टिम चालू राहू द्या. घाटात धुकं असतं आणि शनिवार-रविवारी खाली येणाऱ्या मोटारींना तुम्ही दिसायला हवं. दरडीच्या कड्याखाली थांबून फोटो काढू नका.

*तपासा:* निम्म्यावर एकदा थांबा. मूठ हँडलपर्यंत येत असेल तर थंड होईपर्यंत पुढे जायचं नाही. रोटरला हात लावू नका.

पंक्चर झालं तर

मागचं चाक काढायलाच हवं असं नाही. गाडी बंद करा, टायरची एक कड रिमवरून उतरवा, आवाजाच्या किंवा काट्याच्या जागची ट्यूब तेवढीच बाहेर ओढा, पॅच लावा, परत आत सरकवा. पावसात ट्यूब कोरडी करणं हेच खरं काम, म्हणून एक सुती फडकं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. चाक काढावंच लागलं तर आधी वायरचा कनेक्टर सोडवा, वॉशर कुठल्या क्रमाने आणि कुठल्या तोंडाने होते त्याचा फोटो घ्या, मगच नट फिरवा.

७. घरी आल्यावर: धुणं, वाळवणं, मग चार्जिंग

गाडी बंद करा. दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. बॅटरी काढून धुवायची की लावूनच, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा. काढली तर फ्रेमवरचे संपर्कबिंदू प्लास्टिकने झाका. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण नीट दाबलेलं आहे ना बघा.

त्यानंतर बादली, पाण्याचा मग, ब्रश, एवढंच. मोटारसायकल धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशर पाइप नको. पाच मिनिटांत चकाचक होते खरी, पण तो मारा सीलच्या आत पाणी घालतो आणि ते बेअरिंगमध्ये, सेन्सरमध्ये, डिस्प्लेच्या मागे बसतं. गाडी उलटी करूनही धुवू नका. डिस्प्ले आणि मुठींतले स्विच पाण्यात बसतात.

चेन कोरडी पुसा, मग वेट ल्युब (ओल्यात टिकणारं चेनचं तेल), दर कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. न पुसलेल्या तेलावर उद्याची माती चिकटते. ल्युबचा स्प्रे मागच्या रोटरच्या आसपास मारू नका, एका फवाऱ्याने पॅड वाया जातात.

चार्जिंग सर्वात शेवटी. बॅटरी बाहेरून कोरडी, भोक कोरडं, आणि हाताला गार लागली पाहिजे; राईडनंतर निदान तासभर. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि घाट चढून आलेली बॅटरी बंद खोलीत त्याच्या जवळपास असू शकते. तिचाच चार्जर, टणक फरशीवर, गादी-पडद्यापासून लांब, घरात कोणी जागं असताना. २ अँपिअरच्या चार्जरने १०.४ ची रिकामी बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात, म्हणून शनिवारी रात्री झोपताना लावण्यापेक्षा संध्याकाळी चहाच्या वेळी लावा.

*सावध:* बॅटरी आपटली असेल, पाण्यात बुडाली असेल, फुगली असेल किंवा गोडसर वास येत असेल तर चार्ज करून बघू नका. घराबाहेर, जळण्यासारखं काही नाही अशा जागी ठेवा आणि सर्व्हिसवाल्याला कळवा.

पुढची राईड तीन-चार आठवड्यांनी असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, रिकामीही नको. निम्म्यावर, घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात, आणि महिन्यातून एकदा कांड्या बघा. स्पिती-लडाखला विमानाने जाऊन तिकडे चालवायचा बेत असेल तर तिथलीच बॅटरी भाड्याने घ्यावी लागेल: १६० वॅट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवासी विमानात केबिनमध्येही नेऊ देत नाहीत आणि सामानातही नाही.